चुनाभट्टी ते रेवस : भाजलेल्या दगडाच्या मागावर चार दिवस

३१ वर्षं मी भट्टीसमोर काढली. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडे चुनखडीचा पट्टा आहे. तिथल्या एका सिमेंट कारखान्यात आधी फिल्डवर होतो, नंतर कंट्रोल रूममध्ये. आमच्याकडे दगड पायाखाली आणि कोळसा शेजारच्या तालुक्यात, वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींत. दोन्ही एकत्र आले की क्लिंकर होतो, तो दळला की सिमेंट. भरलेल्या वाघिणी कुठे चालल्या म्हणून विचारलं, की लोडिंगवाले बऱ्याचदा एकच उत्तर द्यायचे, "मुंबई."

मागच्या वर्षी निवृत्त झालो. या जानेवारीत धाकट्या भावाने चार दिवस बोलावलं, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवलं की या खेपेला राणीची बाग नको, जुहू नको. हे शहर ज्या दगडाचं, लोखंडाचं आणि मातीचं बनलंय ते कुठे भाजलं जातं, कशावर भाजलं जातं, ते मला पायी फिरून बघायचंय. भाऊ हसला नाही. तो म्हणाला, "मग घरापासूनच सुरू कर. आम्ही राहतो कुठे ते बघ ना."

तो चुनाभट्टीला राहतो.

पहिला दिवस : चुनाभट्टी

रात्रभराच्या गाडीने आलो. घरी पोचलो तर पाटवडीचा रस्सा तयार. भावाच्या बायकोला मुंबईत २० वर्षं झाली, पण रश्श्याचा झणका वरोऱ्याचाच आहे. जेवून तासभर पडलो आणि ऊन कलल्यावर बाहेर निघालो.

हार्बर लाइनवर कुर्ल्याच्या अलीकडचं हे स्टेशन. रोज हजारो माणसं पाटी वाचतात, पण नाव काय सांगतंय याकडे कोणाचं लक्ष असणार? इथे चुन्याच्या भट्ट्या होत्या. सिमेंट यायच्या आधी मुंबई चुन्यावर उभी राहिली. आपल्याकडे पहिले सिमेंट कारखाने निघाले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पोरबंदरचा कारखाना १९१४ चा. त्याआधीच्या बहुतेक भिंती, बहुतेक धक्के चुन्यात बांधलेले. आता भट्टीचा मागमूस नाही. इमारती, रिक्षा, पुलाखालचा भाजीबाजार. तरी त्या पाटीखाली उभं राहिल्यावर मला माझ्या धंद्याच्या पणजोबाच्या दारात आल्यासारखं वाटलं.

कारण काम तेच आहे. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ४४ किलो वायू होऊन उडून जाते, हाती येतात ५६ किलो. आमच्या भट्टीत हेच होतं. फक्त पुढे माती, लोहखनिज यांच्यासोबत तोच माल १४५० अंशांपर्यंत नेतो, तेव्हा क्लिंकर बनतो.

यातली एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते, म्हणून इथेच सांगतो. साध्या सिमेंटची ५० किलोची एक गोणी घ्या. तिच्यासाठी भट्टीत साधारण सहा किलो चांगला कोळसा जळतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो १४-१५ किलो. पण त्याच गोणीतल्या दगडातून सुटतो तो जवळपास २५ किलो! म्हणजे कोळसा बंद करून उद्या भट्टी सूर्यावर चालवली तरी मोठा वाटा सुटणारच. आमच्या भट्ट्या जगातल्या काटकसरी भट्ट्यांमध्ये मोडतात. किलोभर क्लिंकरला सव्वासातशे ते साडेसातशे किलोकॅलरी लागतात, अमेरिकेतल्या कित्येक जुन्या भट्ट्या याहून जास्त खातात. दहा-दहा किलोकॅलरी वाचवायला आम्ही रात्री जागवल्यात आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दगडातल्या वायूपुढे ती सगळी मेहनत अपुरी पडते. नोकरीची शेवटची दहा वर्षं हाच विचार मनात होता आणि मुंबईला येतानाही तोच घेऊन आलो होतो.

संध्याकाळी भावाने शेजारच्या चाळीतल्या एका आजोबांकडे नेलं. वय पंचाऐंशीच्या पुढे. १९८२ च्या संपापर्यंत परळच्या एका गिरणीत बॉयलरवर आगवाला होते. खाटेवर बसून त्यांनी मला फावडं कसं मारायचं ते हाताने करून दाखवलं. कोळसा एका जागी टाकायचा नाही, मनगट शेवटी वळवायचं म्हणजे तो पसरत जातो. "आणि दर पाळीला क्लिंकर ओढून काढायचा," ते म्हणाले.

मी दचकलो. "कसला क्लिंकर?"

"राख वितळून जाळीवर धरते ना, दगडासारखी. ती लांब सळईने फोडून बाहेर ओढायची. नाही काढली तर आग घुसमटते."

आयुष्यभर आम्ही दोघं एकाच नावाच्या वस्तूमागे होतो. ते ती फेकून द्यायला, मी ती बनवायला. आजोबांना हे इतकं आवडलं की त्यांनी नातसुनेला हाक मारून पुन्हा चहा टाकायला लावला.

त्यांच्या बोलण्यातूनच दुसरा विषय निघाला. गिरण्यांची यंत्रं सुरुवातीला वाफेवर चालत. कोळसा इथे पिकत नाही. तो लांब बंगालमधून किंवा जहाजाने बाहेरून यायचा. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईत आली आणि एकेक गिरणी विजेवर गेली. बॉयलर राहिले ते खळ आणि रंगाईला लागणाऱ्या वाफेपुरते. शंभर वर्षांपूर्वी या शहराने सह्याद्रीच्या पावसावर यंत्रं फिरवून दाखवली आहेत. नॉर्वे आणि आइसलँड आज ॲल्युमिनियम वितळवतात ते असंच, धबधब्यांच्या आणि जमिनीतल्या उष्णतेच्या विजेवर. एक टन ॲल्युमिनियमला १४ हजार युनिटच्या आसपास वीज लागते. आपल्याकडे हीच वीज बहुतेक कोळशावरच्या स्वतःच्या केंद्रांतून घेतली जाते, कारण खालून तोच निघतो. ज्याच्या जमिनीखाली जे आहे, किंवा ज्याच्या बंदरात जे स्वस्त उतरतं, ते तो जाळतो. पुढच्या तीन दिवसांत हे पुन्हा पुन्हा दिसलं.

(जाणाऱ्यांसाठी : हार्बर लाइन सकाळी अकरानंतर धरा. आठ-साडेआठला माझ्यासारख्या परगावच्या माणसाने गाडीत शिरण्याचा प्रयत्नही करू नये.)

दुसरा दिवस : रे रोड, दारूखाना, शिवडी

सकाळी धुरकं इतकं होतं की समोरच्या इमारतीचे वरचे मजले पुसल्यासारखे दिसत होते. जानेवारीत मुंबईची हवा अशीच असते म्हणे. मी मास्क घेतला होता, तुम्हीही घ्या. रे रोडला उतरून पूर्वेला चालत गेलं की दारूखाना. इथल्या बंदरांची नावं वाचत चाललात तरी जुनं बंदर डोळ्यांपुढे उभं राहतं. लकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर. पुढे चिखलात जहाजं उभी असतात आणि ती कापली जातात.

एका यार्डाच्या फाटकाशी मी उभा होतो. आतला माणूस ज्योत घेऊन पत्र्यावर वाकला होता आणि पत्रा वितळत नव्हे, फाटत चालल्यासारखा दिसत होता. मी नकळत फोन वर केला. रखवालदार धावत आला. फोटो पुसायला लावले, फोन परत द्यायला पाऊण तास बसवून ठेवलं. चूक माझी, विचारायला हवं होतं. पण एकसष्टीच्या माणसाशी ज्या शब्दांत तो बोलला ते मला लागलं. तुम्ही गेलात तर फोन खिशातच ठेवा, चहाच्या टपरीवर बसा, सगळं तिथूनही दिसतं.

मलाही टपरीनेच सावरलं. तिथे भंगाराचे एक व्यापारी बसले होते, जुने दारूखान्याचे. त्यांनी बनपाव सांगितला आणि माझा कारखाना, माझं काम विचारून घेतलं. जहाजाच्या पत्र्याचं काय होतं ते मग त्यांनी समजावलं. चांगला पत्रा वितळवतच नाहीत. पट्ट्या कापायच्या, रोलिंग मिलच्या भट्टीत लालभडक करायच्या आणि रोलरमधून ओढून सळई काढायची. ताप लागतो बाराशे अंशांच्या आसपास. कोणी फर्नेस ऑइल जाळतो, कोणी कोळसा, कोणी गॅस.

इथे खनिजापासूनच्या लोखंडाची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर भंगाराची किंमत कळत नाही. झोतभट्टीच्या (ब्लास्ट फर्नेसच्या) वाटेने एक टन पोलाद करायला साधारण ७७० किलो कोळसा लागतो. तिथे कोळसा नुसता उष्णता देत नाही, तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. त्यासाठी कोक, म्हणजे हवेशिवाय भाजलेला कोळसा लागतो आणि आपला बहुतेक कोळसा राखेने भरलेला, कोक होण्याच्या लायकीचा नाही. म्हणून कोकिंग कोल जहाजाने येतो, सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलियातून. राखेचा कोळसा आपण दुसरीकडे वापरतो, स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिज न वितळवता काढलेल्या सच्छिद्र लोखंडाच्या फिरत्या भट्ट्यांत. आमच्या चंद्रपूरच्या बाजूलाही त्या आहेत. जगात सगळ्यात जास्त स्पंज आयर्न भारत बनवतो, मुख्यतः कोळशावर. इराण दुसरा, तो नैसर्गिक वायूवर, कारण त्याच्याकडे तो भरपूर आहे. ब्राझीलमध्ये मिनास जेराइसला अजूनही काही झोतभट्ट्या निलगिरीच्या लोणारी कोळशावर चालतात. जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद एकट्या चीनचं आणि ते बहुतेक कोकवर. अमेरिकेत मात्र जवळपास ७० टक्के पोलाद विजेच्या भट्टीत होतं, भंगार वितळवून. शंभर वर्षं गाड्या, पूल, इमारती बांधलेल्या देशात भंगार मुबलक असतं. आपण आत्ता कुठे बांधतोय. आपलं भंगार अजून उभं आहे, त्यात लोक राहतात.

व्यापाऱ्यांचा मुलगा तळोज्याला नट-बोल्ट बनवतो, काही माल जर्मनीला जातो. ते म्हणाले, "आता तिकडचा गिऱ्हाईक भाव नंतर विचारतो. आधी विचारतो, टनाला कार्बन किती? पोराने माणूस ठेवलाय त्या हिशेबाला." युरोपची ही सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून पुरती लागू झाली. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं सगळं त्यात आलं. त्याआधी २०२३ च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती द्यावी लागत होती. हे न्याय्य आहे का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्यांचं म्हणणं, ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून कारखाने उभे केले त्यांनी आता आमच्या बोल्टवर कर लावावा हे बरोबर नाही. मला ते पटतं. पण त्यांच्याच मुलाने त्या हिशेबामुळे पहिल्यांदा भट्टीचं तेल मोजायला घेतलं, हेही त्यांनीच सांगितलं.

दुपारी शिवडी. भरती-ओहोटीची वेळ बघून जा. पाणी पूर्ण चढलं की रोहित पक्षी पांगतात, पूर्ण ओसरलं की लांब चिखलात जातात. मधली वेळ साधली तर धक्क्यावरून दिसतात. मला थोडेच दिसले, पन्नास-साठ असतील, मागे अटल सेतूचे खांब. २१.८ किलोमीटरचा पूल, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला. पक्षी मान उलटी करून चिखल गाळत होते आणि मी खांब मोजत होतो. सवय जात नाही, प्रत्येक खांबात किती क्लिंकर गेला असेल ते मनात सुरू होतं.

तिसरा दिवस : कुंभारवाडा, आणि रात्री काँक्रीटचा प्लँट

धारावीच्या कुंभारवाड्यात सकाळी लवकर गेलो. दोन घरांच्या मधल्या अंगणात विटांची चौकोनी भट्टी, वर उघडी. घरं सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची, पिढ्यान्पिढ्या इथेच. एक बाई पणत्या रचत होत्या. माझ्याशी मराठीत बोलल्या, घरात गुजराती. थर लावायची रीत बघण्यासारखी : खाली जळण, त्यावर उपडी मडकी, फटींत पणत्या, वर पुन्हा खापरांचं झाकण. जळण म्हणजे कापसाचा कचरा, चिंध्या. आग मोठी दिसत नाही, आतल्या आत धुमसते आणि पिवळसर धूर गल्लीभर बसतो.

"काका, किती अंश असेल आत?" त्यांनीच मला विचारलं.

मी वाकून फटीतून रंग बघितला. ३१ वर्षं काचेतून ज्वाळा बघितल्यावर डोळा एवढं सांगतो. गडद लाल, चेरीच्या पुढे नाही. "सातशे-साडेसातशे," मी म्हणालो. त्या मानेने हो म्हणाल्या, जणू माझी परीक्षा घेतली होती.

धुराबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. सासूला दमा होता, स्वतःला खोकला आहे, शेजारपाजारचे तक्रारी करतात. "गॅसची भट्टी घ्या म्हणतात. घेऊ की. पण पणती किती रुपयांना विकू मग?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. पण दोन गावं आठवली. फिरोजाबादच्या काचभट्ट्या पिढ्यान्पिढ्या कोळशावर चालत. ताजमहालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ ला निकाल दिला आणि त्या भागातले कारखाने कोळशावरून नैसर्गिक वायूकडे वळले. दुसरं मोरबी. मुंबईतल्या निम्म्या न्हाणीघरांत तिथल्याच टाइल्स असतील. तिथे कोळशापासून गॅस बनवणारी संयंत्रं होती, घाण पाणी आणि डांबर सोडणारी. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ती बंद करायला लावली आणि कारखाने पाइपच्या गॅसवर गेले. दोन्ही ठिकाणी आदेश होता आणि आदेशासोबत पाइपलाइनही होती. नुसता आदेश कुंभारवाड्यात आला तर ही बाई धंदा सोडेल, एवढंच होईल. ज्यांना या विषयात काही ठरवायचा अधिकार आहे त्यांनी एक सकाळ या अंगणात काढावी असं मला मनापासून वाटतं.

निघताना त्यांनी फुटक्या पणत्यांचा ढीग दाखवला. "हे फेकतोच आम्ही. पूर्वी म्हणे न्यायला यायचे, दळून चुन्यात घालायला."

सुरखी! शब्द माझ्या तोंडून मोठ्याने निघाला. भाजलेल्या विटांची, खापरांची पूड चुन्यात कालवली की तो पाण्यातसुद्धा धरतो. मुल्लपेरियार धरण चुना आणि सुरखीत बांधलंय, १८९५ साली पुरं झालं. म्हैसूरजवळचं कृष्णराजसागरही सुरखीचंच. मी त्यांच्याकडून दोन किलो खापरं मागून घेतली. पैसे घेईनात, शेवटी बारा पणत्या विकत घेतल्या.

जेवण धारावीतच, नव्वद फुटी रस्त्यावर इडली आणि नुसत्या लसणाची चटणी. ती चटणी मी विसरणार नाही.

रात्री साडेअकराला पुतण्या घ्यायला आला. तो एका रेडी-मिक्स प्लँटवर क्वालिटीला आहे. दिवसा मोठ्या गाड्यांना रस्ता मिळत नाही, म्हणून मोठे स्लॅब आणि पाये रात्रीच भरतात. पिवळ्या दिव्यांखाली मिक्सरच्या गाड्या रांगेत, ड्रम फिरत असलेले. पुतण्याने काँक्रीट किती पातळ आहे ते मोजायचा शंकू मांडला, थर देत गेला, प्रत्येक थराला सळईने २५ वेळा ठासलं, वरचं काठोकाठ साफ केलं आणि शंकू सरळ वर उचलला. काँक्रीट हळूच बसलं. पट्टी आडवी धरून त्याने वाचलं, "१३० मिलिमीटर बसलं. चला, जाऊ द्या गाडी." ज्या मालासाठी मी आयुष्य घालवलं त्याचं शेवटचं माप मी पहिल्यांदा जवळून बघत होतो.

"मोठेबाबा, यात तुमचं सिमेंट निम्मंच आहे," तो म्हणाला. "निम्मं स्लॅग. जाड पायाला सिमेंट जास्त झालं तर आत उष्णता वाढून तडे जातात."

स्लॅग म्हणजे झोतभट्टीची मळी. वीजकेंद्राची राखही अशीच सिमेंटमध्ये जाते. आपल्या देशात हे फार चांगलं चाललंय आणि त्यामुळे गोणीमागचा क्लिंकर खरोखर कमी झालाय. पण त्या रात्री प्लँटच्या बाकावर बसून पुतण्याला मी म्हटलं, राख आणि मळी ही दोन्ही कोळशाचीच लेकरं आहेत. उद्या वीज सूर्याची झाली, पोलाद हायड्रोजनवर झालं, तर ही लेकरं येणार कुठून? स्वीडनमध्ये २०२१ साली हायड्रोजनने काढलेल्या लोखंडाचं पहिलं पोलाद गिऱ्हाइकाला पोचलंसुद्धा. त्यांच्याकडे धरणांची वीज आहे, म्हणून ते पहिले.

तो म्हणाला, "एलसीथ्री आहे ना."

पोराला माहीत होतं, मला बरं वाटलं. एलसीथ्री म्हणजे कमी क्लिंकरचं नवं सिमेंट : निम्मा क्लिंकर, तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के कच्ची चुनखडी, थोडं जिप्सम. २०२३ मध्ये आपल्या मानक ब्यूरोने त्याचं मानकही काढलं. माती चिनी मातीच्या जातीची लागते, कुठलीही चालत नाही. पण ती भाजायची असते सातशे ते साडेआठशे अंशांना, साडेचौदाशेला नव्हे. आणि मातीतून निघते ती वाफ. दगडासारखा कार्बन तिच्यात कोंडलेला नसतो.

सातशे-साडेसातशे. सकाळी कुंभारवाड्यात त्या फटीतून दिसलेला लाल रंग. खिशात खापराचा एक तुकडा होता, तो काढून मी पुतण्याच्या हातात दिला. रात्री दोन वाजता आम्ही दोघं त्या तुकड्यावर तासभर बोलत बसलो. मधल्या काळात सात गाड्या गेल्या.

चौथा दिवस : भाऊच्या धक्क्यावरून रेवस

लाँच सकाळची धरा, उन्हाच्या आधी, आणि परतीची शेवटची कधी सुटते ते उतरल्याउतरल्या विचारून ठेवा. पाण्यात ओहोटी लागली की वेळ बदलते. पावसाळ्यात जाणार असाल तर सेवा सुरू आहे का ते आधी विचारा.

धक्क्यावर मासळीचा लिलाव उरकत आला होता. लाँच सुटली तशी डावीकडे बंदराची सगळी पाठ दिसायला लागली. शिवडी, माहुलच्या रिफायनऱ्या, ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची उंच चिमणी. मध्ये जवाहर बेट, तिथे कच्च्या तेलाची जहाजं लागतात. तेलाचं पेट्रोल, डिझेल सगळं काढून घेतल्यावर काही रिफायनऱ्यांत तळाशी जो काळा कोक उरतो तोही शेवटी आमच्याकडे येतो. पेटकोक. त्याच्यात उष्णता भरपूर, राख जवळजवळ नाही, पण गंधक जबर. २०१७ मध्ये दिल्लीच्या हवेवरून सर्वोच्च न्यायालयाने उत्तरेतल्या राज्यांत त्यावर बंदी घातली आणि दोन महिन्यांत सिमेंट भट्ट्यांना सूट दिली. कारण भट्टीतला चुना गंधक धरून ठेवतो. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, मी स्वतः ते जाळलंय.

माझ्या शेजारी एक खलाशी बसला होता, धरमतरच्या बार्जवर कामाला, सुटीवरून परत निघालेला. आमच्या समोरून तशाच दोन बार्ज अंबा नदीच्या मुखाकडे गेल्या, पाण्याला टेकलेल्या. आत डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल जातो, खनिज आणि कोळसा. डोलवीला आधी वायूवर चालणारं स्पंज आयर्न होतं, मग कोकच्या झोतभट्ट्या आल्या. खलाशी सांगत होता, "कोळसा नुसता पडून राहिला तरी आतून तापतो. रात्री हात लावला तर कळतं. मग पाणी मारत बसायचं." त्याच्या तळहातांच्या रेषांत काळं कायमचं बसलंय. त्याने विचारलं म्हणून मी त्याला माझं काम सांगितलं, आणि नॉर्वेमधल्या ब्रेव्हिकची गोष्टही. तिथल्या सिमेंट कारखान्याने जून २०२५ पासून आपला निम्मा कार्बन डायऑक्साइड पकडायला घेतलाय, वर्षाला चार लाख टन. थंड करून, दाबून त्याचा द्रव करतात, जहाजात भरतात आणि समुद्राच्या तळाखाली २६०० मीटर खोल खडकात सोडतात.

तो बराच वेळ बार्जकडे बघत राहिला. "म्हणजे धूर बोटीत भरून नेतात?"

"हो."

"मग तिकडे आमच्यासारखी माणसं लागत असतील."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. कोळसा आणणारी बार्ज उद्या वायू नेणारी होऊ शकते, तोच खलाशी, तीच खाडी. खर्च अवाढव्य आहे, नॉर्वेच्या सरकारने मोठा वाटा उचलला म्हणून ते झालं. आपल्याला ते लगेच झेपणार नाही. पण दगडातला तो २५ किलोचा वायू धरायचा तर एक तर तो असा पुरायचा, नाहीतर मुळात क्लिंकरच कमी वापरायचा. तिसरी वाट मला ३१ वर्षांत सापडली नाही.

रेवसला उतरून एका घरगुती खानावळीत जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवलो. मावशींनी विचारल्याशिवाय दुसरी भाकरी वाढली. ऊन चढलं होतं, वाऱ्याला मिठाचा वास होता. परतीच्या लाँचला गर्दी झाली, उभ्याने आलो.

घरी आल्यावर

कुंभारवाड्याची खापरं गडचांदूरला आणली. पत्नीच्या खलबत्त्यात कुटली, तिच्या मैद्याच्या चाळणीने चाळली, त्याबद्दल बोलणी खाल्ली आणि नवी चाळणी आणून दिली. बाजारातून कळीचा चुना आणून विझवला, दोन दिवस मुरू दिला. एक भाग चुना, दोन भाग सुरखी, वाळू. साच्याला पुतण्याने प्लँटवरचे टाकून दिलेले दोन जुने क्यूब मोल्ड पाठवले.

दोन ठोकळे झालेत. अंगणात तुळशीमागे ओल्या गोणपाटाखाली ठेवलेत. काल चौदावा दिवस होता. नखाने ओरखडा काढून बघितला, आता उमटत नाही. एक २८ व्या दिवशी पुतण्याकडे मशिनवर फोडायला पाठवायचा आहे. दुसरा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवणार आहे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.